उंदराचे मेदपचन आणि आपले

प्रश्न : एखाद्या औषधाने प्रयोगशाळेतील उंदरांचा मेद घटला, तर मधुमेही मनुष्यासही तोच गुण येईल काय?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : स्वादुपिंडातून स्रवणारे लायपेज हे मुख्य मेदपाचक विकर उभयतांत सारखेच कार्य करते, आणि म्हणूनच त्यास रोखणाऱ्या ऑर्लिस्टॅटसारख्या औषधाची परीक्षा उंदरांवर घेणे सयुक्तिक आहे, परंतु त्यापूर्वीचे पचन मनुष्यात जठरातील लायपेज करते, तर उंदरात जिभेच्या ग्रंथींतील, शिवाय विस्टार जातीच्या उंदरास पित्ताशयच नसल्याने पित्त त्याच्या आतड्यात अखंड झिरपत राहते. तेव्हा मेद किती शोषला जाईल, याचा उंदराचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

तथापि हे प्राणी निरुपयोगी खासच नव्हेत. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टार उंदरांना पुढे दोन पिढ्या पुरेसे अन्न देऊनही त्यांची मधुमेहप्रवणता ओसरली नाही, हा पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष, दुष्काळ सोसलेल्या आपल्या मुलखास मला फार मोलाचा वाटतो.

ऑर्लिस्टॅटने अ, ड, ई व के जीवनसत्त्वांचे शोषणही घटते. वैद्यकीय सल्ल्यावाचून ते कृपया घेऊ नये.