भाडं निम्म्यावर आलं, खर्च नाही

मुंबईहून पुण्याला बदली घ्यावी का, असं विचारायला आलेला माणूस दुसऱ्याच वाक्यात भाड्यावर येतो. मुलुंडला वन बीएचकेला जे मोजावं लागतं, त्याच्या निम्म्यात वाघोलीला बरं घर मिळतं, वर गॅलरी आणि गाडीला जागा. हे खोटं नाही. आमचं घरही याच हिशेबावर मुलुंड पूर्वेतून वाघोलीला हललं. माझं ऑफिस खराडीला, नवऱ्याचं शिवाजीनगरला, घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि अकरावीत गेलेली लेक. त्यानंतर नात्यातल्या आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणांना मी कागद-पेन घेऊन बसवलं आहे. भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी लिहायचा, एवढी एकच अट घालते.

दोन्ही शहरांत पैसा वेगवेगळ्या वाटांनी जातो. मुंबई घराचे पैसे बेदम घेते, पण दाराबाहेर पडलं की लोकल, बेस्ट आणि पालिकेचं पाणी सगळ्यांच्या वाट्याचं असतं आणि म्हणून स्वस्त असतं. पुण्यात, निदान शहराच्या नव्या कडेला, घर परवडतं आणि बाकीचं ज्याचं त्याने विकत घ्यायचं असतं. जाण्यायेण्याची सोय विकत, उन्हाळ्यातलं पाणी विकत, लिफ्ट बंद पडू नये म्हणून जनरेटरचं डिझेलही वर्गणीत. विजेच्या दरात मात्र आम्हाला काहीच फरक पडला नाही, कारण मुलुंडलाही बिल महावितरणचंच येतं. दक्षिण मुंबईतून येणाऱ्यांनी ते वेगळं तपासावं.

प्रवासाचं आधी बघू. तिकिटांत आता फारसं अंतर उरलेलं नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा रुपये झालं आणि पुढच्याच महिन्यात पुण्याच्या पीएमपी बसचंही दहा. फरक आहे तो बस कधी येते आणि रात्री नऊनंतर येते का, यात. मुलुंडहून सीएसएमटीचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास काहीशे रुपयांत येतो. त्या गर्दीबद्दल मी गोड बोलणार नाही. सकाळच्या फास्टला दारात लोंबकळणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत आणि त्यात काही रम्य नसतं. पण त्या पासात घरातलं कोणीही कोणालाही न विचारता बाहेर पडू शकतं.

वाघोलीला आल्यावर प्रत्येक बाहेर पडणाऱ्यामागे एक गाडी असा नियमच झाला. हिशेब असा घाला: रोज वीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे किलोमीटर. स्कूटर पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर अकरा लिटर पेट्रोल, साधारण अकराशे-साडेअकराशे रुपये. हे नुसतं पेट्रोल, तेही एका गाडीचं. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर हे सगळं वेगळं. दोन स्कूटर झाल्या की पावसाळ्यात कार हवीशी वाटते, आणि कार आली की भाड्यात वाचलेले पैसे कुठे गेले ते शोधावं लागत नाही.

लेकीच्या वयाची मुलं असतील तर आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. पुण्यात क्लासला जाणारी शाळकरी मुलं सर्रास स्कूटरवर दिसतात, म्हणून ते चालतं असं वाटतं. कायद्याने सोळा ते अठरा या वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, आणि दुकानात उभ्या असलेल्या नेहमीच्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा ‘तिचं ती जाईल’ हे वाक्य तुमच्या गणितात असेल तर ते खोडा आणि त्या जागी रिक्षाचा खर्च लिहा. मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला पुण्यात २५ आणि मुंबईत २६ रुपये, म्हणजे दर जवळजवळ सारखाच. मीटर टाकायला लावणं हे मात्र पुण्यात वेगळं कौशल्य आहे.

पैशात मांडता न येणारी गोष्ट सासूबाईंची. मुलुंडला त्या एकट्या दादरला जायच्या. दुपारची रिकामी गाडी पकडायच्या, फुलबाजार करायच्या, बहिणीकडे चहा घेऊन अंधाराच्या आत परत. नाटक असेल तर मुलुंडचंच कालिदास नाट्यगृह होतं. वाघोलीत त्यांना मोठी खोली मिळाली, खिडकीतून वारा मिळाला, आणि ‘मला कधी सोडशील?’ असं विचारायची पाळी आली. नगर रस्त्यावरची वाहतूक बघता आम्हीही रविवारवर ढकलायचो. पुणं म्हणजे नाटकं, व्याख्यानं, गाण्याच्या बैठका असं त्या मनाशी धरून आल्या होत्या. ते पुणं आहे, पण ते डेक्कन, टिळक रोड, कोथरूडच्या आसपास आहे. जाहिरातीत तेच दाखवतात आणि परवडणारं भाडं मात्र वाघोली, उंड्री, मांजरीचं असतं. २०१८ मध्ये केंद्राच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत पुणं पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी. त्या यादीचं कात्रण आम्हाला कौतुकाने दाखवणारे बरेच भेटले. यादी अख्ख्या शहराची असते, तुम्ही राहता एका गल्लीत.

म्हणून कागदावर मी घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला लावते आणि पुढे, तो माणूस कोणालाही न विचारता कुठे जाऊ शकेल, ते. म्हाताऱ्या माणसाच्या आणि मुलांच्या नावापुढची जागा कोरी राहिली तर घर कितीही मोठं असो, पुन्हा विचार करा.

आता पाणी. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तेवीस गावं एकदम घेतली त्यात. गाव पालिकेत आलं म्हणजे पालिकेचं पाणी आलं असं होत नाही. मुंबईतही कपात होते. जुलैत सात तलावांची टक्केवारी बघत बसतोच आपण. पण तिथे कपात झाली तरी नळ पालिकेचाच असतो. इथे उन्हाळ्यात टँकर लागतात आणि टँकरची बिलं मेंटेनन्समधून फिरतात. आमच्या करारात मेंटेनन्स मालकाकडे होता, पण टँकरचा ‘जादा खर्च’ भाडेकरूवर होता. एजंटने ती ओळ भरभर वाचून दाखवली होती. बोअरचं पाणी मिसळलं की गिझरची कॉइल लवकर जाते, नळांवर पांढरा थर बसतो, पिण्यासाठी फिल्टर घ्यावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले. तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेले आम्हीही आपलं पाणी येतं कुठून हे पहिल्यांदा विचारायला लागलो.

घर बघायला जाल तेव्हा एजंटला पाण्याचं काही विचारू नका. वॉचमनला विचारा, दिवसाला किती टँकर येतात ते तो सांगतो. सोसायटीच्या ऑफिसात एप्रिल-मेची मेंटेनन्सची बिलं मागा. नवी इमारत असेल तर बिल्डरने पाण्याबाबत पालिकेला काही हमीपत्र दिलंय का, तेही विचारा. शक्य असलं तर गुरुवारी जा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुधा तोच असतो, आणि त्या दिवशी सोसायटीची टाकी किती टिकते ते आपोआप कळतं.

पुण्याचं देणं नाकारायचं नाही मला. लेकीला पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. मार्चच्या उन्हाळ्यातही रात्री पंखा बारीक करून झोपता येतं, मुंबईच्या घामाला त्याची सर नाही. नवरा घरी येतो तेव्हा बोलण्याइतका शिल्लक असतो. फक्त हे सगळं वाघोलीतच मिळतं असं नाही. करार संपल्यावर आम्ही कोथरूडला आलो. घर लहान झालं, भाडं चांगलंच वाढलं, पण वनाज ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण धावते आहे. मी रामवाडीला उतरून शेअर रिक्षाने खराडी गाठते, नवरा मेट्रोनेच शिवाजीनगरला जातो. एक स्कूटर विकली. सासूबाई बालगंधर्व रंगमंदिरात एकट्या जातात आणि परत आल्यावर नाटकाला नावं ठेवतात. महिन्याचा एकूण खर्च वाघोलीपेक्षा कमी भरतो. त्यामुळे आता कोणीही विचारलं की मी आधी मेट्रोचा नकाशा उघडते, मग घरांच्या जाहिराती.

कराराबाबत दोनच गोष्टी. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे, तेव्हा ‘नोटरी पुरे’ म्हणणाऱ्याकडे राहू नका. आणि लॉक-इनची मुदत शक्य तितकी कमी करून घ्या. अकरा महिन्यांत सहा महिन्यांचं लॉक-इन लिहिलेलं असेल तर टँकर सुरू झाल्यावर निघायचं म्हटलं तरी निघता येत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो मुंबईतलं घर विकण्यावरून. मुलुंडचा वन बीएचके विकला की पुण्यात मोठं घर येतं आणि वर पैसे उरतात, त्यामुळे घाई सुटते. पण ही वाट एकेरी आहे. पुण्याचं घर विकून मुलुंडला तेवढंच परत घेता येत नाही. शिवाय पुण्यात घेताना मुद्रांक शुल्क सात टक्के, मुंबईत सहा, म्हणजे प्रत्येक फेरीत लाखांची रक्कम सरकारजमा. आमचं मुलुंडचं घर पाचशे चौरस फुटांच्या आतलं, २०२२ पासून त्याला मालमत्ता कराची सूट आहे. ते भाड्याने दिलंय आणि त्या पैशांत कोथरूडच्या भाड्याचा बराचसा भाग निघतो. माझ्या दिराने विचारलं तेव्हा त्यालाही हेच सांगितलं: निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याच्या घरात काढ, तोवर मुंबईच्या घराच्या किल्ल्या कोणाला देऊ नकोस. त्याची बायको पुण्याचीच आहे, ती म्हणाली दोन उन्हाळे.