वजनावरून वाचलेला शब्द

लेखन म्हटलें कीं कागद, शाई आणि लेखणी हीं साधनें डोळ्यांपुढें येतात. शिलालेख व ताम्रपट यांचीही ओळख विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकांतून झालेली असते. परंतु एका कृत्रिम पदार्थाच्या सूक्ष्म रेणूंत शब्द लिहावा, आणि तो डोळ्यांनीं न पाहतां केवळ वजन करून वाचावा, हें प्रथमदर्शनीं असंभाव्य वाटेल. फ्रान्समध्यें स्ट्रासबुर्ग येथील झाँ-फ्रान्स्वा लुट्झ व मार्सेय येथील लॉरान्स शार्ल या रसायनशास्त्रज्ञांनीं आपल्या सहकाऱ्यांसह हें कार्य सिद्धीस नेलें आणि २०१७ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तें कसें साधलें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम लिपीचा विचार करूं. संगणकाच्या लिपींत ० आणि १ अशीं दोनच चिन्हें असतात. ‘आस्की’ नांवाच्या संकेतांत आठ चिन्हांचा एक गट म्हणजे एक अक्षर. इंग्रजींतील मोठें ‘एस’ हें अक्षर ०१०१००११ असें लिहितात. संशोधकांनीं ‘सीक्वेन्स’, म्हणजे ‘क्रम’, हा इंग्रजी शब्द निवडला. त्यांत आठ अक्षरें आहेत. तेव्हां आठ आठें चौसष्ट चिन्हें लिहिणें भाग होतें.

आतां पाटी कोणती? लहान लहान घटक एकापुढें एक जोडून झालेला साखळीसारखा लांब रेणु म्हणजे पॉलिमर. पॉलिथीनच्या साखळींत सर्व मणी एकाच जातीचे असतात. म्हणून त्या माळेंत वाचण्यासारखें कांहींच नसतें. लुट्झ यांच्या माळेंत मणी दोन प्रकारचे होते. दोन्ही फॉस्फेट जातीचे. हायड्रोजनच्या अणूचें वजन सुमारें १ धरलें, तर ‘०’चा मणी १३८ भरतो. त्याच मण्यांतील हायड्रोजनचे दोन अणु काढून त्यांच्या जागीं दोन मेथिल गट बसविले कीं ‘१’चा मणी होतो, व तो १६६ भरतो. दोहोंत अंतर २८ चें. हे मणी ठरल्या क्रमानें एकेक करून ओवले. त्या कामीं कृत्रिम डीएनए तयार करण्याची यांत्रिक पद्धति उपयोगी पडली.

वाचनाचें साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. यास रेणूंचा तराजू म्हणावयास हरकत नाहीं. केंब्रिज येथें ॲस्टन यांनीं १९१९ सालीं अणूंचीं वजनें मोजणारें असें यंत्र सिद्ध केलें होतें. यांत कणांस विद्युद्भार देऊन निर्वात जागेंतून धाडतात, व हलके आणि जड कण निरनिराळे होऊन त्यांचें वजन कळतें.

परंतु येथें अडचण उभी राहते. ०१ आणि १० या दोन्ही जोड्यांचें वजन सारखेंच! सबंध माळ तोलली, तर शून्यें किती व एक किती एवढेंच कळेल. क्रम कळणार नाहीं, आणि क्रमावांचून शब्द नाहीं. म्हणून माळ तोडावी लागते. एकाच शब्दाच्या असंख्य माळा यंत्रांत असतात. कोणी पहिल्या मण्यापाशीं तुटते, कोणी दुसऱ्यापाशीं, कोणी तिसऱ्यापाशीं. टोकापासूनच्या तुकड्यांचीं वजनें चढत्या क्रमानें मांडून लगतच्या दोहोंची वजाबाकी करावी. ती १३८, १६६, १३८, १६६, १३८, १३८, १६६, १६६ अशी आली, तर अक्षर कोणतें हें वाचकांनीं स्वतःच ओळखावें.

तथापि चौसष्ट मण्यांची माळ वाटेल तेथें तुटूं दिली, तर तुकड्यांची इतकी गर्दी होते कीं कोणता कोठला हें उमगत नाहीं. मोडी पत्रांत शब्दांमध्यें जागा न सोडतां ओळ सलग लिहीत. तें पत्र हातीं घेणाऱ्या नवशिक्याची जी गत, तीच येथें यंत्राची होते. संशोधकांनीं यावर उपाय केला तो लेखनांतच. दर आठ मण्यांनंतर त्यांनीं मुद्दाम एक कच्चा दुवा घातला. हलका आघात होतांच माळ त्याच ठिकाणीं तुटते व अक्षरें सुटीं होतात.

तरी एक पेंच उरतो. या शब्दांत दुसरें, पांचवें व आठवें अक्षर ‘ई’च आहे. तिन्हींचें वजन एकच. मग कोणतें कोठें बसवावें? म्हणून गटांस वेगवेगळ्या वजनाच्या खुणा जोडून ठेविल्या होत्या. खुणेवरून अक्षराची जागा कळते. मग तें एकेक अक्षर निवडून, पुन्हां आघात करून, आंतील चिन्हें वाचावयाचीं.

वाचलेला नमुना अर्थातच नष्ट होतो. पण वाचनास तो अत्यल्प पुरतो, व त्याच मजकुराचे रेणु मागें पुष्कळ राहतात. चौसष्ट चिन्हें म्हणजे ग्रंथालय नव्हे, हेंही खरें. तरीपण या प्रयोगाचा बोध मोठा आहे. आज कित्येक घरांतील जुनीं मोडी दप्तरें शाबूत आहेत. वाचणारे मात्र थोडे. लेखन नुसतें टिकून भागत नाहीं, तें उलगडलें पाहिजे. या माळेंतील कच्चे दुवे हें तिचें वैगुण्य नव्हे. लिहिणारानें पुढील वाचकाची केलेली ती सोय आहे.