मनगटावरच्या चार ओळी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय सूचनेचं कडं किंवा लॉकेट घालावं का, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. जठराची बायपास झाली असेल तर घालावं. जठर कापून लहान करणारी स्लीव्ह झाली असेल तर बहुतेकांना पाकिटातलं कार्ड आणि फोनमधली नोंद पुरते. काहींना पुरत नाही, त्यांच्याविषयी पुढे येईलच.

माझी बायपास मधुमेहासाठी झाली. जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम तीस मिलीलीटरची पिशवी करतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्नाच्या वाटेवर नसतं. बाहेरून काही दिसत नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, पोटावर चार-पाच बारीक व्रण. अपघात विभागातल्या डॉक्टरला माझं पोट इतर कुणाच्याही पोटासारखंच वाटणार. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

शस्त्रक्रियेला दोन-अडीच वर्षं झाली असतील. एका गिऱ्हाइकाच्या घरी वास्तुशांत होती. आग्रहाचं श्रीखंड पोटात गेलं, भातही जरा जास्त झाला. दुपारी स्वारगेटच्या स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभा असताना घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. लोकांनी सांगितलं ते असं, की मी झोकांड्या देत होतो, असंबद्ध बोलत होतो आणि फलाटाच्या कडेवरून खांद्यावर आपटलो. ‘काकांनी भरदुपारीच घेतलीय’ हे निदान स्थानकावर एकमताने झालं होतं. आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, पण त्या अवस्थेत ते सांगणार कोण? एका कंडक्टरच्या आईला मधुमेह होता. त्याला ही लक्षणं ओळखीची वाटली आणि त्याने १०८ला फोन केला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने बोटाला सुई टोचून साखर बघितली, शिरेतून ग्लुकोज दिलं आणि मी शुद्धीवर आलो.

बायपासनंतर काहींना, बहुधा वर्ष उलटून गेल्यावर, हा त्रास सुरू होतो. गोड किंवा पिष्टमय जेवण भराभर आतड्यात उतरतं, रक्तातली साखर झपाट्याने चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांत साखर धाडकन खाली येते. माणूस तेव्हा अगदी प्यायल्यासारखा दिसतो.

पण माझं खरं नुकसान साखरेने केलं नाही, खांद्याने केलं.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं. मी अजून ग्लानीत, फोनला कुलूप, बायको मुलीकडे नागपूरला. धावत आला तो पुतण्या. त्याला एवढंच ठाऊक की काकांना पूर्वी मधुमेह होता आणि पथ्यपाण्याने तो आटोक्यात आला. तिथल्या डॉक्टरांनी कुठल्याही डॉक्टरने केलं असतं तेच केलं. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पट्टीवर पॅरासिटामोल हे नाव होतं, ते चालतं. शेजारी त्याच आकारात एसिक्लोफिनॅक असंही छापलेलं होतं. आपल्याकडे खांदेदुखी-कंबरदुखीला या जोडगोळ्या सर्रास देतात. आठवडाभरात शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. माझ्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर जठराच्या पिशवीला आतडं जोडलेल्या जागी व्रण झाला होता आणि त्यातून रक्त जात होतं. पुढे कित्येक महिने आम्ल कमी करणारी औषधं चालली.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, दुखण्यावर घेतलेली अॅस्पिरिन, ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, डॉक्टरी भाषेत ‘एनसेड’. बायपासवाल्यांच्या त्या जोडावर ती उठतात. हृदयासाठी अॅस्पिरिनची बारीक गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

हे त्या दिवशी मनगटावरच्या कड्यावर लिहिलेलं असतं तर? अशा कड्याची कल्पना अमेरिकेतली आहे. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावच्या डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला १९५३ साली धनुर्वाताच्या प्रतिविषाची इतकी तीव्र प्रतिक्रिया आली की ती मरता मरता वाचली. पुन्हा असं होऊ नये म्हणून आईवडिलांनी तिच्यासाठी कोरीव कडं घडवून घेतलं आणि १९५६मध्ये त्यातून मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. तिकडे कड्यावर क्रमांक असतो, फोन केला की रुग्णाची सगळी माहिती मिळते. आपल्याकडे त्या व्यवस्थेवर विसंबता येत नाही. आरोग्याच्या नोंदींसाठी चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आहे, पण आपली कागदपत्रं डॉक्टरला उघडून दाखवायची तर आपली संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस संमती देत नाही. म्हणून आपलं कडं स्वतःच बोललं पाहिजे.

माझा छापखान्याचा धंदा, तेव्हा अक्षरांबद्दल मी थोडं बोलणारच. बाजारात मिळणाऱ्या नाजूक साखळ्यांवर कोरलेली अक्षरं चष्म्याशिवाय लागत नाहीत, आणि रात्री दोन वाजता दमलेल्या डॉक्टरला तर नाहीच. रुंद, सपाट स्टीलची पट्टी घ्या, अक्षरं इंग्रजीत, मोठी आणि खोल कोरून. नावाच्या पाट्या किंवा ट्रॉफ्या करणारा कोरून देतो. चांदी काळी पडते, अक्षरं बुजतात.

माझ्या पट्टीवर चार ओळी आहेत. पहिल्या ओळीत गॅस्ट्रिक बायपास आणि वर्ष, दुसरीत ‘नो एनसेड’, तिसरीत ‘नो ब्लाइंड रायल्स ट्यूब’, चौथीत बायकोचा नंबर. रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून जठरात घालतात ती नळी. ती नेहमीच्या मापाने, न बघता सरकवली तर छोट्या पिशवीच्या भिंतीला किंवा जोडाला इजा होऊ शकते. शस्त्रक्रिया ताजी असताना हा धोका सर्वांत जास्त. ‘नो शुगर’ मात्र कोरू नका. मी हे काहींच्या मनगटावर पाहिलं आहे आणि बघूनच धडकी भरली. साखर घसरून पडलेल्या माणसाला ग्लुकोजच लागतं, आणि ते द्यायला हात आखडावा असं काही मनगटावर नको. ‘गेट्स लो शुगर’ असं लिहा.

बाकीचं कार्डावर. त्यात एक ओळ ठळक हवी, ती थायमिनची. बायपास असो वा स्लीव्ह, उलट्या होऊन खाणंपिणं बंद झालं की ब१ जीवनसत्त्व लवकर संपतं. अशा माणसाला अशक्तपणा म्हणून नुसत्या ग्लुकोजच्या बाटल्या चढवल्या तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. भ्रम होतो, डोळे नीट वळत नाहीत, चाल लटपटते. ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन द्यावं, हे कार्डावर असू द्या. दुसरी ओळ पोटदुखीची. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतड्याची वळकटी आतल्या फटीत अडकू शकते, साधा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो आणि माणूस मात्र तळमळत असतो. तेव्हा सीटी स्कॅन लागतो आणि या शस्त्रक्रियेचा जाणकार लागतो. बायपास रूएन-वाय प्रकारची की मिनी, तेही नेमकं लिहा. नुसतं ‘वजनाचं ऑपरेशन’ काही सांगत नाही.

गळ्यात की मनगटात? मनगटात. नाडी बघायला हात कुणीही हातात घेतोच. गळ्यातलं मंगळसूत्राखाली किंवा सदऱ्याआड राहतं. मनगटाचीही एक गंमत आहे. आपल्या पुरुषांच्या हातात तांब्याचं कडं, देवळातला लाल दोरा आणि रुद्राक्ष, बायकांच्या हातात डझनभर बांगड्या. त्या गर्दीत पट्टी हरवते. एक हात तिच्यासाठी मोकळा ठेवावा.

फोनच्या बंद पडद्यावर तातडीची माहिती दिसण्याची सोय असते, तीही भरून ठेवा. पण बॅटरी संपते, आणि गर्दीत पडलेल्या माणसाचा फोन सर्वांत आधी नाहीसा होतो.

आता लाजेचं. नितीन गडकरींसारख्या नेत्याने २०११मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती उघडपणे छापूनही आली, तरी घराघरांत अजून ‘डाएट केलं’ हेच सांगतात. सांगा बापडे. पण कडं घातलं की लग्नात कुणीतरी विचारणारच. ज्यांना ते नको त्यांनी मजकूर पट्टीच्या आतल्या बाजूला कोरावा आणि बाहेर फक्त वैद्यकाची खूण ठेवावी. मात्र घरातल्या किमान दोघांना सगळं माहीत हवं, आणि ते दोघे एका वेळी एकाच गावाला जाणारे नकोत.

स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकतात, पण आतड्याची जोडणी बदलत नाही, म्हणून व्रणाची आणि अडकलेल्या आतड्याची भीती बरीच कमी. तरीही पहिले काही महिने, किंवा इन्शुलिन चालू असेल, रक्त पातळ करणारं औषध असेल, साखर घसरत असेल, अथवा एकट्याने प्रवास होत असेल, तर त्यांनीही पट्टी घालावी. उगाच शोभेसाठी कुणीच घालू नये.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा चार ओळींचा मजकूर आपल्या डॉक्टरांकडूनच त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. माझ्या ओळी तुमच्या पोटाला लागू पडतीलच असं नाही. तो कागद हातात पडल्यावर मगच कोरणाऱ्याकडे जा.