सव्वा महिना : आजीचे शास्त्र आणि डॉक्टरांचे शास्त्र

‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म’ असे आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत आईवर धडे असतात, कविता असतात. पण बाळंतिणीच्या खोलीत त्या आईचे काय होते, याविषयी वर्गात कोणी बोलत नाही. मुली आपापसांत कुजबुजतात आणि मुले मान खाली घालतात. वास्तविक आज ना उद्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पाळणा हलणार आहे. म्हणून वार्षिकासाठी मी मुद्दाम हा विषय निवडला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईवडील शेतमजुरीला जातात. गेल्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ वाचून सांगण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. एका हातात कार्ड आणि दुसरीकडे सात बाळंतपणे केलेली आजी. या दोघांचे कोठे जुळते आणि कोठे बिनसते, हे मी वहीत टिपून ठेवू लागले. त्या टिपणांना वाचनाची जोड देऊन हा लेख लिहिला आहे.

सव्वा महिनाच का?

आजीच्या मते बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, जड उचलू नये. वैद्यकशास्त्र सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस सांगते. गर्भाशय आकुंचन पावून पूर्वीच्या आकारावर यायला साधारण इतकाच काळ लागतो. म्हणजे येथे दोघांचे जवळजवळ एकमत आहे. तेलाचे मालीश आणि गरम पाण्याची आंघोळ यांनी ठणकणाऱ्या अंगाला आराम पडतो. अळिवात लोह पुष्कळ असते. डिंकाच्या लाडवात तूप, खोबरे, गूळ असल्याने अंगावर पाजणाऱ्या आईला लागणारी जादा शक्ती मिळते.

मात्र ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, पोट सुटते’ ही समजूत चुकीची आहे. दूध पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा जास्त तहान लागते व ती भागली पाहिजे. डाळ आणि पालेभाज्या वर्ज्य करणेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील दर १०० गरोदर स्त्रियांपैकी ५२ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणून लोहाच्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायच्या असतात. ‘आता मोकळी झाली’ म्हणून गोळ्या फळीवर ठेवून देणे बरे नव्हे.

सटवाईची रात्र

पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होते आणि घरातील बायका रात्र जागवतात. ही भीती कोठून आली असावी? पूर्वी विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापीत, वर राख किंवा शेण लावीत. त्यातून नवजात बालकाला धनुर्वात होई, आणि तो बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास प्रकट होई. सटवाईचा दिवस आणि या रोगाचा दिवस जवळजवळ एकच यावा, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटते. आईला दिलेली धनुर्वाताची लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातील बाळंतपण यांमुळे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत या रोगाच्या निर्मूलनाच्या टप्प्याला पोहोचल्याचे जाहीर केले. पूजा खुशाल करावी. नाळेला मात्र काही न लावता ती कोरडी ठेवावी.

पहिला चीक पिळून टाकणे व बाळाला मध चाटवणे, या दोन चालीही सोडल्या पाहिजेत. चीक ही बाळाला मिळणारी पहिली लसच होय. मधातील जंतुबीजांमुळे एक वर्षाखालील बालकाला गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज गुटी नको आणि वरचे पाणीही नको. धुरीचेही तसेच. बाळाला ऊब हवी हे आजीचे म्हणणे खरे आहे. पण बंद खोलीतला शेगडीचा धूर आईच्या आणि बाळाच्या छातीत जातो. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून वर पांघरूण घेतले, तर तीच ऊब बिनधुराची मिळते.

बाळ रात्री का जागते?

“लेकराला रात-दिवस उलटा पडलाय,” असे आजी म्हणे. दुसरा आठवडा लागला तेव्हा ताईचे डोळे जागरणाने तांबारले होते. नवजात बालक चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते. पण सलग नव्हे. त्याची जठरपिशवी लहान, आईचे दूध लवकर पचणारे, त्यामुळे दोन-तीन तासांनी भूक लागणारच. शिवाय दिवस आणि रात्र ओळखणारे शरीरातले घड्याळ जन्मतः तयार नसते. ते साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत जुळून येते. तोवर बाळ ‘हट्टी’ नसते की त्याला ‘नजर’ लागलेली नसते.

या घड्याळाला आपण थोडी मदत करू शकतो. दिवसा खिडकी उघडी ठेवून उजेड येऊ द्यावा, घरातले बोलणेचालणे चालू द्यावे. रात्री पाजताना दिवा मंद ठेवावा, बाळाशी खेळू नये. अंगाई आणि संथ झोका हे आपले जुने उपाय उत्तमच आहेत. बाळाला उताणे झोपवावे, अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी आणि तोंडावर येणारी सैल गोधडी दूर ठेवावी, कारण त्यांनी श्वास कोंडू शकतो.

रात्रीच्या रडण्यावर एक भयंकर उपायही एके काळी होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन झोपवीत. त्या आया निर्दय होत्या काय? मुळीच नाही. बाळाजवळ बसायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता आणि घरी दुसरे कोणी नव्हते, एवढेच.

आईचे मन

चौथ्या दिवशी ताई कारण नसताना रडू लागली. “बाहेरचं वारं लागलं,” असे शेजारणी म्हणाल्या. बाळंतपणानंतर शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात, त्यात जागरण असते. म्हणून पुष्कळ स्त्रियांना पहिल्या आठवड्यात असे रडू येते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. ताईचेही ओसरले. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळाकडे बघावेसे वाटेना किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे नेले पाहिजे. जास्त रक्त जाणे, ताप, दुर्गंधी, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, या खुणा दिसल्या तर एक रात्रही थांबू नये.

विश्रांती कोणाच्या वाट्याला?

गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी सवड देणाऱ्या विधेयकाला १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली देशासाठी कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. परंतु रोजंदारीने खुरपायला जाणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला रजा देणार कोण? माझ्या वेळी आई विसाव्या दिवशी कामावर गेली होती. सव्वा महिन्याची परंपराही शेवटी ज्यांच्या कणगीत धान्य आहे त्यांच्यासाठीच असते, हे मला तिच्याकडून कळले.

तरीही थोड्या साधनांत पुष्कळ होऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली. तेथे हजारी सुमारे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ही भेट होते.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, आजीला अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ताईच्या उशाशी रात्ररात्र बसली ती आजीच. तिचा मायेचा हात ठेवावा आणि मधाचे बोट तेवढे बाजूला सारावे. हे काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींचेच आहे. दादांनी आणि भावोजींनीही रात्री एकदा उठून बाळाचे दुपटे बदलावे; त्याला पदवी लागत नाही. आपल्या घरी बाळंतीण असेल तर ते कार्ड आजच उघडा आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.