सोनोग्राफी नॉर्मल, तरी रक्तदाब का?

काही वर्षांपूर्वी बावीस वर्षांची एक मुलगी सततच्या डोकेदुखीसाठी माझ्याकडे आली. उजव्या हातावर रक्तदाब १९०/११० होता. गोळ्या देऊनही तो उतरेना. सोनोग्राफीत मूत्रपिंडे 'नॉर्मल' आली, म्हणून मी निर्धास्त झालो. महिन्याभराने डाव्या हाताची नाडी पाहिली, तर ती लागेचना! हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

तिला 'ताकायासू आर्टरायटिस' होता. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये अशा रुग्णाच्या डोळ्यांतील बदलांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. यात महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांना सूज येते आणि त्या अरुंद होतात. रुग्ण बहुतांशी तरुण स्त्रियाच असतात. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की त्याला रक्त कमी पडते, ते 'रेनिन' सोडते आणि साऱ्या शरीराचा रक्तदाब चढतो.

मग सोनोग्राफीत हे का दिसले नाही? साध्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार, खडे, अडथळा दिसतो; धमनीतला रक्तप्रवाह नाही. एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटरहून लहान असेल तर मात्र शंका घ्यावी. प्रवाहाचा वेग कलर डॉपलरने कळतो. अरुंद जागी तो वाढतो. पण स्थूलपणा किंवा आतड्यातील वायू यांमुळे ही तपासणी कधी अपुरी राहते. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत धमनीचा मार्ग व भिंतीची जाडीही दिसते. त्यापूर्वी क्रिएटिनिन तपासावे. गर्भ राहिल्याची शक्यता असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

याउलट, काही आजारांत मूत्रपिंडातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांना सूज येते. ती अँजिओग्राफीतही दिसत नाही. तेथे लघवीतील प्रथिने व रक्तपेशी, क्रिएटिनिन आणि गरजेनुसार बायोप्सी यांवरच निदान होते.

त्या मुलीची डावी मूत्रपिंड-धमनी अरुंद निघाली. औषधांनी सूज शमल्यावर तज्ज्ञांनी फुग्याने ती रुंद केली. आज तिला रक्तदाबासाठी एकच गोळी पुरते.

वाचकहो, तरुण वयात रक्तदाब वाढला, काम करताना हात भरून येऊ लागला, तर दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्या. नाडी न लागणाऱ्या हातावर तो खोटाच कमी दिसतो!