पायांतील रक्ताची गुठळी : ऊसतोडीस जाणाऱ्यांनीं घ्यावयाची काळजी

दसरा-दिवाळी आटोपली म्हणजे आमच्या पालीच्या आसपासच्या गांवांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडील साखर कारखान्यांकडे निघतात. भांडीं, सरपण, शेळी, लेंकरें सर्व एका ट्रकांत; त्यांतच माणसें पाय दुमडून रात्रभर बसतात. वाटेंत उतरण्याची सोय नाहीं म्हणून बायका पाणीही पीत नाहींत. अशा बसण्यानें पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होऊं शकते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून हा लेख.

हृदय रक्त पायांपर्यंत पोंचवितें. परंतु तेथून तें वर चढविण्यास पोटरीच्या स्नायूंचें मोठें साह्य लागतें. पाऊल उचललें कीं पोटरी आवळते, रक्त वर सरकतें, आणि शिरेंतील झडपा तें मागें येऊं देत नाहींत. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह हेंच काम करितो. पाटांतील पाणी तुंबलें कीं गाळ बसतो. तद्वत् पाय निश्चळ राहिले कीं रक्त मंदावतें व कधीं कधीं गोठतें.

जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्खो यांच्या नांवें याचीं तीन कारणें सांगतात : रक्त मंदावणें, शिरेस इजा होणें आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढणें. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हीं तिन्ही एकत्र येऊं शकतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही जपण्याचे असतात. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास सन २०१९ मध्यें सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली होती, हें वाचकांस स्मरत असेल. खाडा पडेल म्हणून अशी स्त्री लवकर फडांत नेणें, किंवा तिला रात्रभर ट्रकांत बसविणें, हें धोक्याचें आहे.

लक्षणें अशीं : बहुधा एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, कातडी गरम व लालसर होते. पाय मुरगळला असें समजून तेल लावून रगडण्याची चाल आहे. ती येथें घातक होय. गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर एकाएकीं धाप लागते, छातींत दुखतें, प्रसंगीं प्राण जातो. तेव्हां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

प्रतिबंधाचे उपाय स्वल्प आहेत :

१. दर दोन तासांनीं गाडी थांबवून पांच मिनिटें चालावें. मुकादमानें निघण्यापूर्वींच हें ठरवावें.

२. बसल्या जागीं पावलें वरखालीं हालवावीं.

३. पाणी पुरेसें प्यावें.

४. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण नुकतेंच झालें असल्यास, अथवा संततिनियमनाच्या किंवा पाळी लांबविण्याच्या गोळ्या चालू असल्यास, निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

उपचाराची कथा शेतकऱ्यांस जवळची वाटेल. सन १९२० नंतर कॅनडा व अमेरिकेंत स्वीट क्लोव्हर जातीचें बुरसलेलें वाळलें गवत खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. विस्कॉन्सिन येथील कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील द्रव्य शोधिलें. त्यावरून निघालेलें वॉर्फरिन सन १९४८ पासून उंदरांस मारण्यास व सन १९५४ पासून माणसांच्या उपचारास लागूं झालें. जें विष तेंच मापानें औषध. पण तें माप डॉक्टरांनींच रक्त तपासून ठरवावयाचें असतें. घरच्या उंदरांच्या औषधाचा प्रयोग कोणींही करूं नये.

उचल फिटण्यास एक हंगाम अधिक लागला तरी चालेल. गेलेलें माणूस कोणत्याही हंगामांत परत येत नाहीं.