‘कुफ्र’ शब्दाचा अर्थ

‘काफिर’ हा शब्द मराठीत ‘काफर’ होऊन आला आणि येताना बहुतेक अर्थ वाटेतच सांडून आला. भांडणात उच्चारावयाची शिवी, एवढेच त्याचे रूप उरले. म्हणून वाचकहो, आधी त्याचे मूळ पाहू.

अरबीतील काफ, फे, रे या धातूचा अर्थ झाकणे, लपविणे. बी पेरून त्यावर माती ओढणारा शेतकरीही भाषेच्या दृष्टीने ‘काफिर’च. सूरह हदीदच्या विसाव्या आयतीत पावसाने उगवलेले पीक पाहून हरखणाऱ्यांसाठी हाच शब्द आला असून, अनेक भाष्यकारांनी तेथे शेतकरी असाच अर्थ घेतला आहे. शपथ मोडल्यास दहा गरिबांना जेवू घालून दिला जाणारा ‘कफ्फारा’ही याच धातूचा; तो चूक झाकतो.

तेव्हा कुफ्र म्हणजे नुसते अज्ञान नव्हे. मराठीत त्यासाठी योजला जाणारा ‘नास्तिक’ हा शब्द मला अपुरा वाटतो. आकाश व पृथ्वी कोणी निर्मिली असे विचारल्यास मक्केचे विरोधकही अल्लाहचेच नाव घेतील, असे सूरह लुकमान सांगते. त्यांना निर्माता मान्य होता. उपासना केवळ त्याचीच व्हावी, ही त्यामागोमाग येणारी गोष्ट त्यांनी झाकली. ‘कृतघ्न’ हा शब्द अधिक जवळचा. सूरह इब्राहीमच्या सातव्या आयतीत कुफ्रसमोर शुक्र उभा आहे. सबाच्या राणीचे सिंहासन समोर आलेले पाहून हजरत सुलैमान (अ.) म्हणतात की ही परीक्षा आहे, आपण शुक्र करतो की कुफ्र. साक्षात एका प्रेषिताने हा शब्द स्वतःकडे वळविला!

ईमानच्या मूलभूत बाबी नाकारणे हा कुफ्रचा पारिभाषिक अर्थ. तथापि प्रत्येक कुफ्र माणसाला इस्लामबाहेर नेत नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी ईमानच्या प्रकरणातच ‘लहान कुफ्र’साठी स्वतंत्र बाब ठेवली असून तेथे जोडीदाराच्या उपकारांचा विसर सांगितला आहे.

एखाद्यास काफिर ठरविले की निकाह, वारसा, जनाजा, सारेच प्रश्न उभे राहतात. मसलकांच्या वादात हा शब्द भिरकावणाऱ्यास याचे भान असते काय? मुस्लिम बांधवास असे संबोधणाऱ्यावर तो शब्द उलटू शकतो, असा इशारा हदीसमध्ये आहे. युद्धात समोरच्याने कलमा उच्चारूनही उसामा बिन जैद (रजि.) यांनी त्यास ठार केले, तो भयाने बोलला, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचे हृदय चिरून पाहिलेस काय, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले, आणि इतक्यांदा विचारले, की आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरे झाले असते, असे उसामांना वाटू लागले.